पित्ताची कॅप्सूल, चकरेची गोळी आणि आपोआप हलणारं तोंड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईचं वय ६४. गेले काही महिने तोंडात काही नसतानाही त्या चघळत असल्यासारखं दिसतं, जीभ मध्येच बाहेर येते, ओठ मुडपले जातात, कवळी जागेवर राहत नाही. शिवाय हात मंदावलेत, पाऊल छोटं पडतं. पार्किन्सन समजून गोळ्या सुरू झाल्या, पण फरक पडला नाही. दोन वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची एक कॅप्सूल आणि चक्कर येते म्हणून रात्री एक गोळी चालू आहे. तुमचा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन घेतो. असं तोंड हलणं मानसिक आजाराच्या औषधांनी होतं, असं कुणीतरी सांगितल्यावर घरात घबराट झाली आहे आणि त्याच्या गोळ्या बंद कराव्यात का, असं तुम्ही विचारलं आहे.

भावाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नको. आईची कॅप्सूल मात्र आजच हातात घ्या आणि पट्टीच्या मागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचा.

रॅबेप्राझोल, पँटोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल हे पित्त कमी करणारं औषध तिथे असेलच. त्याच्या खालच्या ओळीत ‘लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या साठीपुढच्या बायकांच्या पिशवीत ही जोडगोळी इतक्या वेळा सापडते, की मी तपासायच्या आधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगतो. लेव्होसल्पिराइड पोट पुढे सरकवतं, गॅस आणि जडपणा कमी वाटतो, म्हणून ते पित्ताच्या औषधाला जोडलेलं असतं. पण मुळात ते मेंदूतल्या डोपामिन या निरोप देणाऱ्या रसायनाचे ग्राहक (तो निरोप झेलणाऱ्या पेशींवरच्या जागा) अडवणारं औषध आहे, म्हणजे भावाच्या रिस्पेरिडोनच्याच जातकुळीतलं. ते पोटापुरतं थांबत नाही. घरच्यांनी भावाच्या गोळ्यांकडे संशयाने बघावं आणि त्याच गुणाचं औषध आईच्या उशाशी बिनधास्त असावं, हे मी फार घरांत पाहिलंय.

रात्रीच्या गोळीचंही नाव बघा. सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन असेल तर तीही संशयितांत धरायची. फ्लुनारिझिन अर्धशिशीसाठीही सर्रास दिलं जातं. ही दोन्ही औषधं डोपामिनलाही अडवतात आणि वयस्कर माणसांना महिनोन्‌महिने दिली तर पार्किन्सनसारखा मंदपणा आणि कंप आणतात. प्रोक्लोरपेराझिन असेल तर संशय आणखी बळावतो. बीटाहिस्टिन असेल तर त्या गोळीवर आळ घ्यायचं कारण नाही. नुसतं पँटोप्राझोल असेल तरी नाही. कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असेल तर ते मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे अशा हालचाली क्वचित होतात; त्याची काळजी वेगळी, हृदयाच्या ठोक्यांची. बीपीची ॲमलोडिपिन घाबरून थांबवू नका, तिचा यात संबंध नाही. एक यादी वाचून सगळीच औषधं कचऱ्यात टाकणारी माणसं मला भेटतात आणि मग बीपी २०० वर जाऊन वेगळंच संकट उभं राहतं.

नसांची कमजोरी, छातीत धडधड, पोटात गोळा येणं अशा तक्रारींवर फ्लुपेंटिक्सोल आणि मेलिट्रासेन एकत्र असलेली छोटी गोळीही आपल्याकडे खूप दिली जाते. तिच्यातलं फ्लुपेंटिक्सोल डोपामिन अडवणारंच. आईला झोप लागत नाही म्हणून कधी अशी काही गोळी चालू होती का, हेही आठवा. औषध बंद होऊन काही महिने उलटले असले तरी ते मोजायचं, कारण या हालचाली औषध चालू असताना सुरू होतात तशाच ते थांबवल्यावरही उमटतात.

आता हे घडतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय पटतील. मेंदूच्या खोल भागात हालचालींचं नियमन करणारी केंद्रं आहेत आणि तिथे डोपामिनचा निरोप पोहोचावा लागतो. औषधाने तो निरोप अडवला की हालचाल मंदावते, शरीर ताठ होतं, चेहरा निर्विकार दिसतो, हात कापतात. हा औषधाने आलेला पार्किन्सन. मूळ पार्किन्सन आजाराच्या खालोखाल या लक्षणांचं हेच सर्वांत मोठं कारण मानलं जातं. आवाज बारीक झाला की आपण कान टवकारतो, तसे निरोप कमी मिळणारे ग्राहक महिनोन्‌महिन्यांनी जास्त संवेदनशील होतात. मग थोड्या डोपामिनलाही ते गरजेपेक्षा मोठी दाद देतात आणि तोंड, जीभ, बोटं, कधी मान आणि कंबर आपोआप हलू लागतात. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. पूर्ण यंत्रणा इतकी सरळ नाही, पण उपचाराची दिशा समजायला एवढं पुरे. पहिली गोष्ट औषध अडवतंय म्हणून होते आणि औषध गेल्यावर बहुधा ओसरते. दुसरी मेंदूने बदल करून घेतल्यामुळे होते, म्हणून औषध गेल्यावरही रेंगाळते. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. तुमच्या वर्णनावरून आईंच्या बाबतीत मला तीच शक्यता दिसते: हातापायांचा मंदपणा पहिल्या प्रकारचा, तोंडाची हालचाल दुसऱ्या प्रकारची.

पार्किन्सनच्या गोळ्यांचा उपयोग का झाला नाही, याचं उत्तरही इथेच आहे. लेव्होडोपा शरीरात डोपामिन वाढवते, पण ग्राहकच अडवलेले असतील तर वाढवलेलं डोपामिन लागू कुठे होणार? शिवाय तिच्यामुळे तोंडाची हालचाल वाढूही शकते. मूळ पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो, औषधाचा बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. हा नियम अचूक नाही. शंका राहिलीच तर मोठ्या शहरांत ट्रोडॅट स्कॅन होतो. औषधाने आलेल्या पार्किन्सनमध्ये तो सामान्य येतो, मूळ आजारात डोपामिनच्या तंतूंची घट दाखवतो. खर्चिक तपासणी आहे. मी आधी औषध थांबवून वाट बघतो आणि काही महिन्यांत सुधारणा दिसली नाही तरच स्कॅन सुचवतो. काही जणांमध्ये मूळ आजार आतून सुरू झालेला असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पडतो, म्हणून पाठपुरावा सोडू नये.

आईंसाठी पुढची पायरी अशी. ज्यांनी कॅप्सूल दिली त्या डॉक्टरांना पट्टी आणि हालचालींचा व्हिडिओ (तो कसा घ्यायचा ते पुढे सांगतो) दाखवा आणि लेव्होसल्पिराइड काढून टाकता येईल का, असं थेट विचारा. पोटाच्या तक्रारीसाठी ते चालू ठेवण्याची गरज सहसा नसते, आणि पित्ताचं औषध लागलंच तर एकटं देता येतं. पार्किन्सनच्या गोळ्या मात्र मनाने एकदम तोडू नका. त्या कशा उतरवायच्या हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. लेव्होसल्पिराइड थांबल्यावर पहिले काही आठवडे तोंडाची हालचाल वाढलेली दिसू शकते. इथे बरीच कुटुंबं घाबरतात, परत कॅप्सूल सुरू करतात, हालचाल झाकली जाते आणि औषधानेच गुण आला असं वाटतं. त्या चक्रात अडकू नका. हातापायांचा मंदपणा साधारण काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत सुटत जातो, फ्लुनारिझिन शरीरातून फार हळू जातं त्यामुळे तिथे आणखी धीर धरावा लागतो. तोंडाच्या हालचालीबद्दल मी खोटी आशा देणार नाही. काहींची पूर्ण जाते, काहींची बरीच कमी होते, काहींची थोडी राहतेच. वय कमी आणि निदान लवकर, तर शक्यता चांगली.

एक गोळी यात उलटी पडते, ती नीट लक्षात ठेवा: ट्रायहेक्सिफेनिडिल. हात कापत असतील, अंग ताठ असेल तर ती उपयोगी पडते, म्हणून आपोआप हलणाऱ्या तोंडालाही तीच चिठ्ठीवर येते. टार्डिव्ह डिस्कायनेशियात ती बहुधा हालचाल वाढवते. वयस्कर माणसांत तिच्यामुळे लघवी अडते, बद्धकोष्ठता होते, विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो. आईंना ती चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. तीही एकदम न थांबवता हळूहळू कमी करतात.

भावाचा विषय वेगळा आहे, आणि मला त्यावर जास्त बोलायचं आहे, कारण चूक झाली तर किंमत तिथे मोठी असते. पित्ताच्या कॅप्सूलला पर्याय आहेत. स्किझोफ्रेनियाच्या औषधाला ‘काहीच न घेणं’ हा पर्याय बहुतेकांना परवडत नाही. अचानक थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो, नोकरी जाते, माणूस घर सोडून निघून जातो, आत्महत्येचा धोका वाढतो. आणि आजार उलटल्यावर पूर्वीपेक्षा जास्त मात्रा द्यावी लागते, म्हणजे ज्या दुष्परिणामाला घाबरून थांबवलं तोच धोका वाढवून बसतो.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मानसिक आजारासाठी वापरलं गेलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं घरी जाऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीला युरोपातल्या डॉक्टरांनी दीर्घ उपचारानंतर ओठ आणि जीभ हलणाऱ्या रुग्णांची नोंद केली. म्हणजे औषधाचं मोठेपण आणि त्याचा हा त्रास, दोन्ही जवळपास एकाच काळापासून माहीत आहेत. जुन्या औषधांवर, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉल किंवा ट्रायफ्लुओपेराझिनवर, तरुण रुग्णांमध्ये दर वर्षी सुमारे ५ टक्के जणांना ही हालचाल नव्याने सुरू होते. वयस्करांमध्ये पहिल्याच वर्षात सुमारे चौथ्या हिश्शाला होते. नवीन औषधांवर धोका कमी आहे, संपलेला नाही. रिस्पेरिडोन नव्यांपैकी आहे, पण मात्रा वाढली की ते जुन्यांसारखं वागू लागतं.

भावाच्या बाबतीत पाहायच्या गोष्टी मी वेळेच्या क्रमाने सांगतो. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या काही तासांत-दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मान एकदम वाकडी होते, जबडा अडकतो, जीभ जाड होते, बुबुळं वर चढून राहतात. दिसायला भयंकर. खेड्यांत याला बाहेरची बाधा समजतात, शहरात फिट किंवा धनुर्वात समजून धावपळ होते. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिल्यावर लहान मुलांमध्येही हेच होतं. तिथे पालकांना आधी सांगितलेलं नसलं, तर ती रात्र त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र ठरते.

दुसरी अवस्था ओळखायला अवघड: माणूस एका जागी बसू शकत नाही, पाय हलवत राहतो, उठतो, फेऱ्या मारतो, रात्री अंथरुणात तळमळतो. आतून असह्य अस्वस्थता असते. घरच्यांना वाटतं आजार उफाळला, डॉक्टरांना तसंच सांगितलं जातं, मात्रा वाढते आणि अस्वस्थता दुप्पट होते. म्हणून त्याला थेट विचारा: ‘मनात विचार येतात म्हणून उठतोस, की पायच स्वस्थ बसू देत नाहीत?’ उत्तर दुसरं असेल तर ते शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन यावर चांगला आराम पडतो. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. या अस्वस्थतेत जीव नकोसा होऊ शकतो, हे घरच्यांनी हलक्यात घेऊ नये.

त्याच्या गोळीच्या नावापुढे ‘प्लस’ असेल तर बहुधा तिच्यात रिस्पेरिडोनसोबत ट्रायहेक्सिफेनिडिल आधीच मिसळलेलं असतं. सहा वर्षांपूर्वी पहिल्या महिन्यात ते गरजेचं असेलही. आज गरज आहे का, हा प्रश्न पुढच्या भेटीत विचारण्यासारखा आहे.

आता घरी करायची तपासणी. डॉक्टर जी पाहणी करतात तिचा हा साधा भाग आहे आणि तो भाऊ आणि आई दोघांसाठी उपयोगी आहे. हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, चपला काढायला सांगा, तोंडात सुपारी, गोळी, च्युइंगगम काही नको. हात गुडघ्यांवर, पावलं जमिनीवर टेकलेली. दोन मिनिटं काहीच न बोलता ओठ, गाल, जबडा, बोटं आणि पायाचे अंगठे बघा. मग तोंड उघडायला सांगून जीभ तोंडातच ठेवायला लावा. आत ती वळवळते का? नंतर जीभ बाहेर काढून धरायला सांगा. अंगठा एकेका बोटाला भराभर टेकवायला लावा आणि नजर मात्र त्या वेळी चेहऱ्यावर आणि पायांवर ठेवा, कारण लक्ष हाताकडे गेलं की दबलेली हालचाल बाहेर येते. शेवटी काही पावलं चालवा आणि हात झुलतात का ते बघा. आईंची कवळी एकदा काढून आणि एकदा घालून बघा. सैल कवळी किंवा बोळकं तोंड यामुळेही चघळण्याची सवय लागते. मोबाइलवर हा सगळा भाग टिपून ठेवा. तारीख बोलून टाका. भाऊ औषध घेतोय तोवर वर्षातून निदान एकदा, आणि वय किंवा मात्रा जास्त असेल तर सहा महिन्यांनी, अशी पाहणी व्हायला हवी. डॉक्टरांनी स्वतःहून केली नाही तर मागा. मागण्यात उद्धटपणा नाही.

त्याच्यात हालचाल सापडलीच तर मानसोपचारतज्ज्ञांकडे मार्ग आहेत. आजार स्थिर असेल तर मात्रा सावकाश कमी करून बघणं, क्वेटियापिनकडे वळणं, किंवा क्लोझापिन. क्लोझापिनवर पांढऱ्या पेशींची तपासणी नियमित करावीच लागते, ती टाळणाऱ्यांना मी ते देत नाही. हालचालीवर थेट काम करणारं टेट्राबेनाझिन भारतात मिळतं. कमी मात्रेने सुरू करतात. त्याने झोप येते, मंदपणा वाढतो आणि उदासी येऊ शकते, म्हणून मनाच्या स्थितीवर घरच्यांचं लक्ष हवं. याच गटातली वाल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही औषधं अमेरिकेत २०१७ मध्ये खास या आजारासाठी मंजूर झाली, तोपर्यंत यासाठी मंजूर औषधच नव्हतं. मान वाकडी राहत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं उपयोगी पडतात.

इतर कारणंही डोळ्यांआड करू नयेत. मधुमेही वयस्कर माणसाचा एका बाजूचा हात-पाय अचानक फेकल्यासारखा हलू लागला तर आधी रक्तातली साखर बघा. चाळिशीच्या आतल्या माणसात अशा हालचाली असतील तर तांबं साठण्याचा विल्सनचा आजार तपासलाच पाहिजे, तो उपचाराने आटोक्यात येतो. थायरॉइड वाढलेला असेल, दम्याचं साल्ब्युटामॉल, फिटचं व्हॅल्प्रोएट किंवा लिथियम चालू असेल तर नुसता हात कापतो. तो वेगळा विषय आहे. आणि रिस्पेरिडोनसारखं औषध चालू असताना जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भान हरपणं एकत्र आलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात न्या. तिथे औषध थांबवण्याचा निर्णय तेच घेतील.

आईंना ‘तोंड हलवू नका’ असं सांगणं आधी बंद करा. त्यांना पुष्कळदा कळतही नसतं, आणि टोकल्यावर ताण येऊन हालचाल वाढते. झोपेत ती थांबते, म्हणून नाटक वाटतं. ते नाटक नसतं. लग्नकार्यात लोक बघतात म्हणून कित्येक बायकांनी बाहेर जाणंच सोडलेलं मला माहीत आहे. शेजारणींना एका वाक्यात सांगून टाका: औषधाचा त्रास आहे, उपचार चालू आहेत. बोलताना अडखळत असतील, घास अडकत असेल, ठसका लागत असेल तर तो मात्र लाजेचा विषय राहत नाही. तसं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

अशा त्रासाची नोंद तुम्ही स्वतः करू शकता. भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे. मेटोक्लोप्रामाइडबद्दल अशाच नोंदी साठत गेल्यावर अमेरिकेने २००९ मध्ये ते १२ आठवड्यांपलीकडे देऊ नये असा ठळक इशारा छापायला लावला आणि युरोपने २०१३ मध्ये ते पाच दिवसांवर आणलं. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला तीच पट्टी वर्षानुवर्षं देत राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भावाचे डॉक्टर लांब असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो.

आणि आईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन देऊ नये. मोतीबिंदूचं ऑपरेशन असो, जुलाब-उलट्यांसाठी सलाइन असो, भूल देणाऱ्यांना आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ते पान दाखवा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन देता येतं, आणि ते जवळपास प्रत्येक दवाखान्यात असतं.